‘काय लावू?’च्या आधी ‘काय लागलं?’

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

भोर असो, वेल्हे असो, हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, जिथून कुठून ऐकताय तिथून ऐका. चुलीवर तवा असेल तर तो उतरवायची गरज नाही. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

आम्ही म्हणजे आमच्या गटातल्या पाचजणी. एक आशाताई आहे. एकीची आजी सुईणपण करायची आणि झाडपालाही द्यायची. बाकी आम्ही खाचरात वाकणाऱ्या. आज बोलायचंय ते खाजेबद्दल.

हसू नका. खाज हा शब्दच असा आहे की चारचौघींत उच्चारला की कुणीतरी पदर तोंडाला लावते. ताप आला तर आपण सांगतो, पोट दुखलं तर सांगतो. पण मांडीला, छातीखाली, मानेवर खाज सुटली तर सहा सहा महिने गप्प बसतो. का, तर ‘हिला कातडीचा रोग आहे’ असं एकदा गावात झालं की हळदीकुंकवाला बोलावणं थांबतं, पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला जातो, आणि लग्नाची मुलगी असेल तर मग विचारूच नका. म्हणून आधीच सांगून टाकतो: ऍलर्जीची खाज शिवून होत नाही. इसब शिवून होत नाही. अंगावर पित्त उठणं शिवून होत नाही. अशा बाईला वेगळं बसवायचं काहीएक कारण नाही. खरूज आणि गजकर्ण मात्र एकाचं दुसऱ्याला लागतं, पण तेही औषधानं बरं होतं.

गेल्या महिन्यात आम्ही वाड्यावाड्यांवर फिरलो. भातलावणी उरकलेली, खुरपणी सुरू. जिथं जाऊ तिथं एकच प्रश्न, ‘ताई, याला काय लावू?’ कुणी करंजाचं तेल लावत होती, कुणी हळद, कुणी दुकानातली ट्यूब. आम्ही उलट विचारायचो, ‘आधी सांगा, काय लागलं?’ यावर बायका बुचकळ्यात पडायच्या. पण खरी गोम तिथंच आहे. ऍलर्जी म्हणजे काय, तर बाहेरची एखादी वस्तू आपल्या अंगाला मानवत नाही आणि अंग तिच्याशी भांडायला उठतं. ती वस्तू रोज लागत राहिली तर वरून अमृत लावा, उपयोग नाही.

सगळ्यात आधी पित्ताचं घेऊ, कारण ते प्रत्येक घरात माहीत आहे. अंगावर लाल गांधी उठतात, आग होते, खाज सुटते. त्यावर आपलं ठरलेलं औषध म्हणजे आमसूल. घाटाखालून, वरंध्याच्या वाटेनं कोकणातलं कोकम आपल्याकडे पिढ्यानपिढ्या येतंय. आमसूल पाण्यात भिजवायचं, ते पाणी अंगाला चोळायचं, थोडं प्यायचं. बरं वाटतं का? वाटतं. गार पाण्यानं खाज निवतेच. आमसुलाला आमची ना नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पित्ताची एकेक गांध बहुतेक वेळा २४ तासांच्या आत आपली आपण जिरते. म्हणजे आमसूल लावलं तरी जाते, गेरू लावला तरी जाते, काही नाही लावलं तरी जाते. त्यामुळे ज्यानं त्यानं आपापल्या औषधाची शपथ घेतली तर नवल नाही. काही घरांत अशा वेळी घोंगडं पांघरून घाम काढतात. ते मात्र नका करू. उष्णतेनं आणि घासण्यानं गांधी वाढतात.

आणि हे कान देऊन ऐका. गांधींबरोबर ओठ, जीभ, डोळे सुजले, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, तर आमसूल शोधत बसू नका. जी गाडी मिळेल ती धरा आणि जवळचा दवाखाना गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. अशा वेळी ऍड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं, आणि ते मिनिटांत लागतं. गांधीलमाशी किंवा आग्या मोहोळ चावल्यावर असं होऊ शकतं, आणि आपल्या डोंगरात मोहोळांना तोटा नाही. उलट, पित्त सहा आठवड्यांच्या पुढे रोज उठत राहिलं तर त्याची घाई नाही, पण डॉक्टरांना दाखवायला हवं.

आता बिब्याकडे येऊ. बिबा हे आपल्या रानातलं औषधही आणि रोगही. टाचेच्या भेगांना, काट्याच्या कुरुपाला गरम बिब्याचा चटका द्यायची रीत आहे. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी घालतात ती याच बिब्याच्या आतली. गोडंबी चांगली, पण टरफलातलं काळं तेल जहाल. आज लागलं की उद्या-परवा कातडी लाल होते, फोड येतात, पाणी सुटतं. आपण म्हणतो ‘बिबा उतला’. पूर्वी परीट याच तेलानं कपड्यांवर खुणा करायचे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमकं खुणेच्या जागी असे चट्टे उठले, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना हा परिटाच्या खुणेचा आजार कळला.

बिबा, आंबा आणि काजू एकाच कुळातले. म्हणून काहींना कैरीच्या चिकानं ओठाला फोड येतात, आणि काजूच्या टरफलाचं तेल हात भाजतं. याच कुळातलं एक झाड जपानात आहे, उरुशी नावाचं. त्याच्या चिकापासून ते लोक लाकडी वाट्या-तबकांना काळा-तांबडा चकचकीत मुलामा देतात. नवशिक्या कारागिराच्या हातातोंडावर त्या चिकानं हमखास पुरळ उठतं. त्या चिकातल्या जहाल द्रव्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलं उरुशिऑल, आणि आपल्या बिब्यातलं द्रव्य त्याचंच भावंड. इथली आजी आणि तिथला कारागीर एकाच खाजेनं हैराण झालेले आहेत म्हणायचे!

बिबा अंगाला लागला तर लगेच, अगदी लगेच, साबणानं भरपूर पाण्यात धुवा. आधी चोळू नका, तेल पसरतं. फोड आले तर गार पाण्याच्या पट्ट्या. खोबरं, तीळ, तूप लावायची आपली रीत आहे, तिनं कातडी मऊ राहते आणि त्रास काही होत नाही, म्हणून चालेल. पण तोंडावर, डोळ्यांवर किंवा लघवीच्या जागी उतला असेल तर डॉक्टरच. आणि लहान मुलांना बिब्याचा चटका देणं आता थांबवा. आमच्यातल्या जिच्या आजीचा हात या कामात बसलेला होता, तीच हे सांगते आहे.

पण बिब्यापेक्षा मोठा शत्रू आज आपल्या बांधावर उभा आहे, पांढरी बारीक फुलं मिरवत. गाजर गवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं. आपल्याला वाटतं हे पहिल्यापासून आहे. नाही. ते मूळचं मेक्सिकोच्या बाजूचं, आणि भारतात त्याचा हा आजचा पसारा सुरू झाला तो आपल्याच जिल्ह्यातून. १९५५ च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा डोळ्यांत भरलं आणि तिथून देशभर गेलं. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात. पण तो मोठा गव्हाचा करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, आणि गवत त्याआधीच दिसलेलं, तेव्हा ही गोष्ट वाटते तितकी सरळ नसावी. १९७० च्या दशकात या गवतानं होणाऱ्या त्वचारोगाच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून येऊ लागल्या. शेतात राबणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या काळ्या पडलेल्या, जाड झालेल्या. या गवताला हातच लागायला हवा असंही नाही. वाळलेल्या गवताची भुकटी आणि त्यावरची बारीक लव वाऱ्यानं उडते, घामाला चिकटते, आणि काम होतं.

शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींचं सांगतो. तीन वर्षं दर श्रावण-भाद्रपदात त्यांचं तोंड सुजायचं, पापण्या मिटायच्या. घरात म्हणायचे देवीचा कोप. मग कुणीतरी दुकानातली एक ट्यूब दिली. चार दिवसांत चेहरा उजळला, म्हणून वहिनींनी ती लावतच ठेवली. वर्षभरानं गालांची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या लाल शिरा दिसायला लागल्या, उन्हात उभं राहवेना, आणि ट्यूब थांबवली की आग दुप्पट. आम्ही गेलो तेव्हा त्या वैरणीचा भारा डोक्यावरून उतरवत होत्या. भाऱ्यात निम्मं गाजर गवत. तोंडावर, मानेवर, पदराखाली सगळा झाडोरा. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली, दोन दिवसांनी त्या काढून पाहिलं, तर नेमकं गाजर गवताच्या जागी लाल. या तपासणीला पॅच टेस्ट म्हणतात, मोठ्या रुग्णालयांच्या त्वचाविभागात ती होते. वहिनी आता भारा कापून घ्यायच्या आधी गवत निवडतात, डोक्याला-मानेला सुती फडकं बांधतात, घरी आल्या की आधी अंघोळ. शेवंतीच्या वेण्याही त्यांनी सोडल्या, कारण शेवंती गाजर गवताच्याच कुळातली आणि काहींना तीही सोसत नाही. दसऱ्याला त्यांना वाईट वाटलं, पण यंदा डोळे उघडे आहेत.

त्या ट्यूबबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड वाईटच असं आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर इसबाला त्याच्याइतका चटकन उतार दुसऱ्या कशानं पडत नाही. पण चेहरा गोरा करायला, खाज दिसली की फासायला, सासूची ट्यूब सुनेला, असं चालू झालं की घात. गजकर्णावर तर ते विषच. वरची लाली जाते, बुरशी खाली मजेत पसरते, आणि एक वेटोळं होतं तिथं कंबरभर होतं. २०१८ मध्ये सरकारनं अशी कित्येक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती कशी मिळतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही.

मग कुणी म्हणतं, त्यापेक्षा जडीबुटीचं मलम बरं, त्यात केमिकल नसतं. इथं सावध राहा. लंडनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये इसबावरची ‘वनस्पतींची’ म्हणून विकली जाणारी ११ मलमं तपासली. त्यातल्या ८ मलमांत स्टेरॉइड निघालं! डबीवर नाव झाडपाल्याचं, आत औषध डॉक्टरांचं, आणि प्रमाण कुणालाच ठाऊक नाही. बाजारात, जत्रेत जे बिनलेबलाचं मलम ‘दोन दिवसांत खाज गायब’ म्हणून मिळतं, ते खरंच दोन दिवसांत काम करत असेल तर जास्त शंका घ्या. झाडपाला इतका घाईत नसतो.

याचा अर्थ झाडपाला टाकून द्या असा नाही. जपानचंच पुन्हा पाहा. तिथं झाडपाल्याच्या जुन्या वैद्यकाला कांपो म्हणतात. तिथले हानाओका सेइशू नावाचे वैद्य १७६० साली जन्मले. १८०४ मध्ये त्यांनी झाडपाल्याचं गुंगीचं औषध पाजून एका बाईच्या स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया केली, म्हणजे पाश्चात्त्य देशांत भूल सुरू व्हायच्या चाळीस वर्षं आधी. ते औषध आधी स्वतःवर करून घेताना त्यांच्या बायकोची दृष्टी गेली असं सांगतात. नवऱ्याचं नाव जगभर आणि डोळे बायकोचे. असो. याच हानाओकांनी त्वचेसाठी एक काढा आणि एक जांभळं मलम रूढ केलं, आणि दोन्ही आजही तिथं वापरात आहेत. त्या मलमाचा पाया काय, तर तिळाचं तेल आणि मधमाशीचं मेण. आपली आजी भेगांना हेच तर लावते.

फरक आहे तो पुढे. जपानात अशी १४८ औषधं सरकारी विम्यात बसवलेली आहेत. ती कारखान्यात ठरलेल्या प्रमाणात बनतात आणि डॉक्टर लिहून देतात. आणि वाईट काय होतं तेही लिहून ठेवतात. त्यांच्या पुष्कळ काढ्यांत ज्येष्ठमध असतो. तो जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेला तर रक्तदाब वाढतो, अंगातलं पोटॅशियम उतरतं, हातपाय गळून जातात. ते हे माहीत ठेवून औषध देतात. आपल्याकडे कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालय म्हणालं, तो गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा घोटाळा असावा. भांडण कुणाचं का खरं असेना, आपल्यासाठी एवढं पुरे: ओळख पक्की नसलेली वेल खाजेसाठी पोटात घेऊ नका. गरोदर बाई असेल, काविळीतून उठलेली असेल, तर मुळीच नाही.

बाहेरून लावायचं मात्र आपल्याकडे चांगलं आहे. कोरड्या, भेगाळलेल्या इसबाला खोबरेल. फिलिपाइन्समध्ये इसबाच्या मुलांवर रीतसर अभ्यास झाला, त्यात शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. पाणी सुटलेल्या जागेला मात्र तेल नको. तिथं हिरडा. हिरडस मावळात राहून हिरड्याचं काय सांगायचं तुम्हाला, बाळहिरडा गोळा करून आपण व्यापाऱ्याला घालतोच, त्यातला मूठभर घरी ठेवा. पाण्यात उकळायचा, गार करायचा, गाळायचा, स्वच्छ फडकं त्यात भिजवून दहा मिनिटं जागेवर ठेवायचं. हिरड्याच्या तुरटपणानं ओल आटते. पायाच्या बोटांतल्या चिखल्यांना मेंदीचा पाला वाटून लावतात, तेही ठीक, पण पाय कोरडे केल्याशिवाय नाही. पाला म्हणतो आहोत आम्ही, कोनातली काळी मेंदी नव्हे. काळ्या मेंदीत केसांच्या कलपातलं रसायन असतं आणि त्यानं फोड येतात. करंजाचं तेल झोंबतं, ते सोललेल्या कातडीवर नको. कडुनिंबाचा पाला अंघोळीच्या पाण्यात घाला, पण चार पानं जास्त म्हणून चौपट गुण असं नसतं.

कधी कधी कारण रानात नसतंच, आरशासमोर असतं. कपाळावर टिकलीच्या जागी खाज, मग पांढरा डाग, तर तो टिकलीच्या गोंदाचा. गळ्याभोवती काळपट पट्टा, तर खोट्या मंगळसूत्रातल्या निकेलचा. पांढरा डाग दिसला की घरात ‘कोड’ म्हणून रडारड होते. आधी महिनाभर टिकली बंद करून कुंकू नाहीतर काहीच न लावता पाहा, आणि डाग डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात जाताना, मग ते भोरचं उपजिल्हा रुग्णालय असो की वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, जे जे लावलं ते पिशवीत घालून न्या. ट्यूब, डबी, पुडी, वाटलेल्या पाल्याची एक फांदी कागदात गुंडाळून. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. कुठल्या महिन्यात सुरू होतं, कुठलं काम केल्यावर वाढतं, गावाला माहेरी गेल्यावर कमी होतं का, हे सांगा. माहेरी गेल्यावर कमी होतं म्हटलं की बायका हसतात, पण त्या उत्तरात कारण सापडू शकतं.

आता गाजर गवताचं काय करायचं ते ठरवलंय, ते सांगतो आणि थांबतो. फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं, हातात मोजे नाहीतर जाड पिशवी घालून. जिला आधीच त्रास आहे तिनं उपटायला यायचं नाही, तिनं चहा करावा. वाळलेलं गवत पेटवायचं नाही. त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८० च्या दशकात आपल्या देशात सोडलेले आहेत. पावसाळ्यात पानांवर ते पांढरट, काळ्या रेघांचे किडे दिसले तर मारू नका, ते आपलंच काम करताहेत.

आणि दुसरा गडी आपल्या ओळखीचा आहे, टाकळा. पहिल्या पावसात आपण ज्याची भाजी करतो, ज्याचं बी वाटून आजी गजकर्णाला लावायची, तोच. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला वर येऊ देत नाही, हे तणांवर काम करणारे शास्त्रज्ञही सांगतात. शेतात तो नको, पण रस्त्याकडेला, शाळेमागे, पाणवठ्याच्या वाटेवर हवा. दिवाळीनंतर त्याच्या शेंगा वाळतात. तडकायच्या आत तोडून पिशवीत भरून ठेवायच्या आणि पुढच्या वळवानंतर फेकायच्या. पाच गावांतल्या बायकांनी हो म्हटलंय. तुमच्या गावातून कोण कोण येणार ते आशाताईंकडे सांगून ठेवा, आणि येताना पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणा, नवऱ्याचा असला तरी चालेल.